हाक कोणाला आहे

आहेर सरांना हाक मारली की ते लगेच ओ देत नसत. मान जराशी तिरकी करून ऐकत राहायचे, आजूबाजूला बघायचे, आणि आपल्याशिवाय दुसरं कोणी उत्तर देत नाही अशी खात्री पटली की मग म्हणायचे, ‘बोला’. मी नोकरीला लागले तेव्हा मला वाटलं, यांना कमी ऐकू येतं. म्हणून मी त्यांच्याशी मोठ्याने बोलायला लागले. आठवडाभर त्यांनी ते सोसलं आणि मग एकदा चहा पिताना अगदी काळजीने विचारलं, “जोशी, तुझ्या घरी कोणाला ऐकू कमी येतं का?”

गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात आम्ही दोघं होतो. शिकवायला नव्हे. कॉलेजातले कॉम्प्युटर, त्यांच्या वायरी आणि त्यांची दुखणी सांभाळायला. आमचं खातं मुख्य इमारतीच्या जिन्याखाली होतं. खात्यात सर, मी आणि एक एसी. एसी आमच्यासाठी नव्हता, मशिनांसाठी होता, आणि सर हे येणाऱ्याजाणाऱ्याला आवर्जून सांगत, म्हणजे आम्ही सुखात आहोत असा कोणाचा गैरसमज व्हायला नको.

ओ न देण्याचं कारण पुढे त्यांनीच सांगितलं. कळवणजवळच्या त्यांच्या गावात दोन सुकदेव आहेर होते. दोघांना एकाच पणजोबांचं नाव ठेवलेलं. पणजोबांच्या मागे जमिनीची वाटणी झाली, नावाची करायची राहून गेली, असं सर म्हणत. आमचे सर वरच्या आळीतले सुकदेव, आणि दुसरा मळ्यातला सुकदेव. वय जवळपास सारखं, शाळा एक, बाक एक. कोणी हाक मारली की मळ्यातला ताडकन ओ द्यायचा आणि हातात घागर नाहीतर विळा घेऊन कामाला लागायचा. हे पाहून आमच्या सुकदेवने लहानपणीच शहाणपण धरलं की आधी थांबावं. हाक कोणाला आहे ते बघावं. बहुतेक वेळा ती दुसऱ्यालाच निघते.

नोकरीसुद्धा त्यांना त्या दुसऱ्यामुळेच लागली होती. मुलाखतीचं पत्र मळ्यात गेलं, आणि गेलं तेही मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी. आमचे सर तेव्हा इगतपुरीला बहिणीकडे भात लावायला गेलेले, आणि फोन कोणाकडे नाही. तेव्हा मळ्यातल्या सुकदेवने धुतलेला सदरा घातला, पहिली एसटी धरली आणि स्वतःच मुलाखतीच्या खोलीत जाऊन उभा राहिला. समितीला म्हणाला, मी सुकदेव आहेर हाय, पण तुम्हाला पाहिजे तो नाय. तो माझ्यापेक्षा हुशार हाय, पण तोंडाने सांगणार नाय, म्हणून मी सांगायला आलो. समितीने त्याला बसवून घेतलं, चहा पाजला आणि बराच वेळ दुसऱ्या सुकदेवबद्दल विचारलं. आठवड्याने आमचे सर गेले तेव्हा त्यांना फक्त रुजू कधी होता एवढंच विचारलं. सर नेहमी म्हणत, “इंटरव्ह्यू त्यानं दिला, नोकरी मी केली.”

आता स्विचबद्दल सांगते, कारण सरांबद्दल बोलताना स्विच वगळून चालणार नाही. हा स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. चपटी लोखंडी पेटी असते, पुढच्या बाजूला ओळीने भोकं असतात आणि प्रत्येक भोकात एक वायर गेलेली असते. एका इमारतीतले सगळे कॉम्प्युटर त्या पेटीतून एकमेकांशी बोलतात, आणि पेट्या पेट्यांशी जोडलेल्या असतात. इतर ठिकाणी या पेट्यांना आकडे देतात. सरांनी नाती दिली होती. मुख्य खोलीतला स्विच ‘दादा’, कारण सगळ्यांचं त्याच्याशिवाय अडायचं. होस्टेलचा ‘भाचा’, कारण कितीही दिलं तरी पुरायचं नाही. प्राचार्यांच्या ऑफिसातला ‘जावई’, कारण त्याला सगळं नवंकोरं द्यावं लागे आणि त्याच्याकडून काम काहीच नसे. आणि ग्रंथालयातली ‘आत्याबाई’. ती सगळ्यांत जुनी. तिचा पंखा इतका वाजायचा की वाचायला आलेली मुलं उठून कँटीनमध्ये जात.

पाहुणे, परीक्षक, सेक्रेटरी यांच्याशी सर शहरी मराठी बोलत. माझ्याशी गावाकडची. स्विचशी मात्र शुद्ध अहिराणी. सकाळी आल्यावर ते एकेका पेटीसमोर उभे राहायचे आणि हलक्या आवाजात विचारायचे, “काय व्हयनं तुले?” पेटीला काही झालेलं नसलं तरी विचारायचे. मी एकदा हसले तर म्हणाले, विचारलं की बरं वाटतं. कोणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

मशीन खोटं बोलत नाही, माणूस बोलतो, यावर त्यांची श्रद्धा होती. तसा अनुभवही होता. एकदा तपासणी समिती येणार म्हणून कॉमर्सच्या पाटणकर मॅडमनी स्टाफरूम आवरली. मॅडम आवरायला लागल्या की त्यांच्या तडाख्यातून काही सुटत नसे. भिंतीपाशी एक वायर लोंबत होती. एक टोक भिंतीतल्या सॉकेटमध्ये, दुसरं जमिनीवर. मॅडमना ते बघवलं नाही. त्यांनी लोंबतं टोक शेजारच्या सॉकेटमध्ये नीट बसवलं आणि पुढच्याच क्षणी अख्खं कॉलेज बंद पडलं.

याला लूप म्हणतात. सर त्याचं वर्णन असं करायचे: गावात एक बातमी निघाली, ती फिरत फिरत पहिल्याच घरी परत आली, आणि त्या घराला ती आपलीच आहे हे आठवेना. मग त्यांनी ती पुन्हा सांगायला सुरुवात केली. असं चाललं की थोड्या वेळाने गावात दुसरं काही बोलताच येत नाही. वायरीचं रिंगण झालं की निरोप तसेच गरगर फिरत राहतात आणि सगळं तुंबतं. सरांनी ते टोक शोधून उपटलं. मॅडमना एका शब्दाने बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये पाटी लागली: ‘लोंबणारी वायर लोंबू द्यावी.’ तपासणी समितीने ती वाचली आणि त्याबद्दल बराच वेळ आपसात चर्चा केली.

त्यानंतर सरांनी सगळ्या स्विचवर एक पहारा बसवला. पहारा साधा होता. प्रत्येक स्विच आपल्या दारादारातून थोड्या थोड्या वेळाने हाक मारणार, ‘मी अमुक क्रमांकाचा’. हा क्रमांक कारखान्यातूनच मिळतो, प्रत्येकाचा वेगळा. आपलीच हाक कुठल्या दारातून परत आली, तर बाहेर कुठेतरी रिंगण झालंय असं समजायचं आणि ते दार बंद करायचं. मग कोणीही काहीही आवरलं तरी फार तर एक खोली बंद पडेल, कॉलेज चालू राहील. सर त्या दिवशी इतके खूश होते की त्यांनी एसीला ‘साहेब’ म्हटलं.

पुढच्या मे महिन्यात आत्याबाई गेली. वीज जाऊन परत आली ती जरा जास्तच आली, आणि तिचा पंखा कायमचा थांबला. ग्रंथालयात एवढी शांतता झाली की ग्रंथपाल घाबरून आम्हाला बोलवायला आले. सरांनी तिला टॉवेलात गुंडाळून मेन रोडमागच्या रिपेअरवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, बघतो. नाशिकात रिपेअरवाला ‘बघतो’ म्हणाला की माणसाने वस्तूची आशा सोडायची असते. महिन्याभराने नवीन स्विच आला.

आणि मग सरांनी त्याचं बारसं केलं. खरोखरीचं. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, डबाभर घुगऱ्या पाठवल्या. पेटीखाली धुतलेला नॅपकीन घातला. नाव आत्याने ठेवायचं असतं आणि खात्यात बाई मी एकटी, तेव्हा आत्या मी. मी त्या पेटीच्या पहिल्या भोकाशी तोंड नेऊन ‘कुर्र’ केलं आणि सरांनी सांगितलेलं नाव सांगितलं: आत्याबाई. गेलेल्या माणसाचं नाव घरात चालवायचं, ही त्यांच्याकडची रीत. पण सर नुसत्या नावावर थांबले नाहीत. ग्रंथालयातलं जुनं सॉफ्टवेअर आत्याबाईचा क्रमांक पाहूनच उघडायचं. म्हणून त्यांनी नवीन पेटीचा स्वतःचा क्रमांक झाकून तिच्यावर आत्याबाईचा क्रमांक चढवला. “आता पूर्ण तीच,” असं म्हणून त्यांनी घुगऱ्या वाटल्या. कॉलेजभर सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या आणि कोणाचं बारसं हे कोणी विचारलं नाही.

वर्ष गेलं. संस्थेत नवे सेक्रेटरी आले आणि त्यांनी पुण्याच्या एका कंपनीशी बोलणी सुरू केली. सगळं नेटवर्क त्या कंपनीकडे द्यायचं, जुन्या पेट्या भंगारात काढायच्या आणि आहेरांना निवृत्तीपर्यंत स्टोअरमध्ये बसवायचं असा बेत होता. अजून पक्कं नव्हतं. कॉलेजात एक मोठी ऑनलाइन परीक्षा व्हायची होती, त्यासाठी नवा हॉल बांधला होता. ती परीक्षा नीट पार पडली तर खातं राहील, हॉल बंद पडला तर कंपनी येईल, असं सेक्रेटरींनी सरांना समोर बसवून सांगितलं. जिन्याखाली परत आल्यावर सर बराच वेळ दादासमोर उभे होते. मग मला म्हणाले, “मला स्टोअरमधी बसवतील तर बसू दे. मी कुठं बी बसंल. पण माझी माणसं भंगारात घालतील, जोशी.”

आणि नेमका त्याच आठवड्यात रिपेअरवाल्याचा फोन आला. त्याने बघितलं होतं. आत्याबाई जिवंत झाली होती. सर रिक्षाने जाऊन तिला मांडीवर घेऊन आले. तिला आता कुठे ठेवायचं यावर त्यांनी विचारसुद्धा केला नाही. सगळ्यांत अवघड काम सगळ्यांत जुन्या माणसाला, असं म्हणून त्यांनी तिला परीक्षेच्या नव्या हॉलमध्ये बसवलं. पंखा आधीसारखाच वाजत होता. तो आवाज ऐकून सरांचे डोळे भरून आले, हे मी पाहिलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी चाचणी होती. आत्याबाईला पहिल्यांदाच दादाशी जोडलं, मुलं बसवली, कॉम्प्युटर चालू केले, आणि थोड्याच वेळात सगळ्या पडद्यांवरचा संपर्क तुटला. मग आपोआप आला. मग पुन्हा तुटला. आत्याबाईची नोंद पाहिली तर तिने स्वतःच दादाकडे जाणारं दार बंद केलं होतं. कारण एकच, दर वेळी तेच: माझी हाक मलाच परत आली. म्हणजे लूप. कुठेतरी वायरीचं रिंगण.

सर रिंगण शोधायला निघाले. पहिल्यांदा पाटणकर मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, मी हल्ली काही आवरतच नाही, घरी पण नाही. मग होस्टेल, कँटीन, जिमखाना. हॉलच्या फॉल्स सीलिंगचे चौकोन काढले. एक उंदराचं घर सापडलं आणि मागच्या वर्षीच्या गॅदरिंगचा मुकुट सापडला, रिंगण सापडलं नाही. दुपारपर्यंत सरांच्या सदऱ्याला छताचा चुना लागला होता आणि सेक्रेटरी हॉलच्या दारात येऊन उभे होते. त्यांच्यासोबत कंपनीचा इंजिनिअर होता, केतन नावाचा. मुलगा अगदी सालस होता, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येईना.

केतनने सगळं नीट पाहिलं आणि म्हणाला, “सर, मला वाटतं लूप नाहीच आहे. हिला भास होतोय. तो पहारा बंद करून टाकू, परीक्षा होऊन जाईल.”

सर खवळले. भोंगा वाजतो म्हणून भोंगा काढायचा का, असं त्यांनी त्याला विचारलं. उद्या खरंच कोणी वायर जोडली तर अख्खं कॉलेज बसेल. आणि मशीन खोटं बोलत नाही. ती आत्याबाई, हाक परत आली म्हणते आहे ना, तर आलीच आहे. केतन अदबीने म्हणाला की हाक आली असेल, पण रिंगण नाही हेही खरं आहे. मला दोघांचंही पटत होतं आणि दोन्ही एकदम खरं कसं असेल हे कळत नव्हतं. सेक्रेटरींना काहीच पटत नव्हतं आणि ते फोनमध्ये कोणाचा तरी नंबर शोधत होते.

तेवढ्यात सरांचा फोन वाजला. घरून काकूंचा होता. सरांनी घाईत स्पीकर दाबला, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं. काकू म्हणाल्या की टेम्पोवाल्याने ठिबकच्या पाइपांची भेंडोळी आणून दारात टाकली आहेत, जिना पूर्ण अडला आहे, शेजारचे देशपांडे त्यांच्या घरात अडकले आहेत, आणि पावतीवर नाव तर तुमचंच आहे, तर हे काय मागवलंत?

“मी नाय मागवलं,” सर म्हणाले. “मळ्यातल्याचं असंल ते. नाव माझं हाय म्हणून काय माल माझा होतो का?”

एवढं बोलून ते थांबले. मान तिरकी झाली. हाक आल्यावर व्हायची तशीच. काकू पलीकडून हॅलो हॅलो करत राहिल्या, देशपांडेही काहीतरी ओरडत होते. सर हळूहळू आत्याबाईकडे वळले.

“जोशी,” ते म्हणाले, “आपण बारसं केलं.”

मला कळायला थोडा वेळ लागला. ग्रंथालयात बसलेली नवी आत्याबाई हाक मारत होती, ‘मी अमुक क्रमांकाची’. ती हाक दादामार्फत हॉलपर्यंत येत होती. हॉलमधल्या जुन्या आत्याबाईचा क्रमांकही तोच. तिला वाटत होतं, ही माझीच हाक फिरून आली, आणि ती शहाण्यासारखी दार लावून घेत होती. मशीन खोटं बोलत नव्हतं. त्याला फक्त माहीत नव्हतं की जगात आपल्या नावाचं दुसरं कोणी आहे. नंतर कळलं की ग्रंथालयही सकाळपासून असंच बंद पडत होतं. तिथून तक्रार आली नाही, कारण तिथे कोणी नव्हतं.

सर सरळ सेक्रेटरींसमोर जाऊन उभे राहिले. चूक माझी आहे, म्हणाले, बारसं मी केलं. सेक्रेटरींनी विचारलं, कोणाचं? मग सरांनी त्यांना सगळं सांगितलं, घुगऱ्यांसकट, काही न लपवता. सेक्रेटरी केतनकडे बघायला लागले, बहुधा या माणसाला आवरा अशा अर्थाने. पण केतन एकदम खुलला होता. म्हणाला, बरोबर आहे, असंच असणार. जुन्या आत्याबाईला सरांनी तिच्या जागी ग्रंथालयात नेलं, नवीला तिचा स्वतःचा क्रमांक परत देऊन हॉलमध्ये बसवलं. तिचं नवीन नाव ठेवायला केतनला सांगितलं. त्याने लाजत लाजत आपल्या बहिणीचं ठेवलं. कुर्र पुन्हा मीच केलं, सेक्रेटरींच्या देखत.

परीक्षा नीट झाली. सेक्रेटरींनी कंपनीचा विषय पुन्हा काढला नाही. मला वाटतं, एवढं सगळं बाहेरच्या कंपनीला समजावून सांगण्याची कल्पनाच त्यांना सोसवली नसावी. सर निवृत्त होईपर्यंत त्यांची सगळी माणसं जागच्या जागी होती. शेवटच्या दिवशी ते एकेका पेटीसमोर जाऊन आले, काय बोलले ते मी ऐकलं नाही, मुद्दामच बाहेर थांबले. मग काकूंना घेऊन गावी राहायला गेले. अधूनमधून फोन करायचे. आत्याबाईचा पंखा वाजतो का, एवढं विचारायचे. मी फोन पंख्यापाशी नेऊन ऐकवायचे.

गेल्या वर्षी एका सकाळी कॉलेजच्या ग्रुपवर निरोप आला: कळवणचे सुकदेव आहेर यांचे दुःखद निधन. मग हात जोडलेल्यांची रांग लागली. मी सरांना फोन लावला तर सारखा व्यग्र. मी रजा टाकली आणि कळवणची एसटी धरली. वाटभर मला रडू येत होतं. आत्याबाईला हे कसं सांगायचं असं एकदा मनात आलं, आणि मग आणखीच रडू आलं.

वरच्या आळीत पोचले तर सर ओट्यावर बसलेले. धडधाकट. कानाला फोन. मला पाहून त्यांनी हात वर केला आणि फोनवर कोणाला तरी सांगितलं, “मी हाय. मी हाय ना. गेला तो मळ्यातला.” फोन ठेवून माझ्याकडे बघत म्हणाले, तू बी फसलीस का. मी आधी हसले, मग मला त्यांचा भयंकर राग आला, मग मी ओट्यावर बसून मोठ्याने रडले. काकूंनी पाणी आणून दिलं. पंचक्रोशीतून सकाळपासून माणसं येत होती म्हणे, अर्धी मळ्यात जायची आणि अर्धी इथे यायची.

सरांनी मला ग्रुप दाखवला. सेक्रेटरींनी त्यांच्याबद्दल लांबलचक लिहिलं होतं, संस्थेचा आधारवड वगैरे. नोकरीत असताना एवढं कधी बोलले नव्हते, सर म्हणाले, राहू दे, खोडायला सांगू नको. ते हसले, पण हसू फार टिकलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “सकाळधरनं सगळ्यांना सांगतोय, मी हाय, मी हाय. पण खरं सांगू का जोशी, थोडा मी बी गेलोय.” मी त्यांच्या हातावर हात ठेवला.

परतीच्या एसटीची वेळ झाली तशी मी उठले. ओट्याच्या पायऱ्या उतरले तेवढ्यात आळीच्या टोकाकडून कोणीतरी हाक मारली, सुकदेवभाऊ. मी मागे वळून पाहिलं. सरांनी मान तिरकी केली होती. ते ऐकत होते. खाली मळ्याच्या दिशेने बघत होते आणि नेहमीपेक्षा खूप जास्त वेळ थांबले. कोणीच उत्तर दिलं नाही. मग त्यांनी ओ दिली.